समतुल्य

विनिपेगला आज उणे सत्तावीस. खिडकीच्या आतूनसुद्धा
बर्फाची बारीक रेघ धरली आहे.
माझ्यासमोर फाईल: नशवान दब्बाग, नेटवर्क इंजिनिअर.
पासपोर्टवर दब्बाग, पदवीवर नुसता दबाग.
त्या अर्ध्या ‘ब’पायी अकरा आठवडे गेले,
एक प्रतिज्ञापत्र, दोन साक्षीदार
आणि पासष्ट डॉलर.

नियम तसा साधा आहे.
गुणपत्रक विद्यापीठानेच द्यायचं,
लिफाफ्यावर चिकटपट्टी, चिकटपट्टीवर शिक्का.
उमेदवाराने तो हातात धरला तरी चालेल,
उघडायचा मात्र नाही.
स्वतःचे गुण स्वतः वाचलेला माणूस
आम्हाला संशयास्पद वाटतो.

नशवानच्या विद्यापीठाकडे लिफाफे उरले नाहीत.
रजिस्ट्रारची इमारत जळाली, मग पाडली.
नोंदवह्या त्याआधी गेल्या की नंतर,
याला आमच्या फॉर्ममध्ये रकाना नाही.

मी कळवलं: अभ्यासक्रमाचा तपशील जोडावा.
विषय, तास, प्रयोगशाळा.
आठवड्याने बावीस पानं आली, हाताने लिहिलेली,
प्रत्येक पानामागे भाषांतर, त्याखाली भाषांतरकाराचा निर्विकार शिक्का.

“डेटा स्ट्रक्चर्स. रविवार आणि मंगळवार.
डॉक्टर अमल शिकवायच्या.
चाळीस मुलं, सहा संगणक, वीज दोन तास.
म्हणून प्रोग्राम आधी वहीत लिहायचा
आणि वहीतच चालवून बघायचा,
बोट ओळीओळीवरून नेत, चूक हाताला लागेपर्यंत.
माझ्या कोडमध्ये अजूनही चुका कमी असतात.
हे कुठे धरता येईल का?

ऑपरेटिंग सिस्टिम्स. छप्पन्न तास.
पूल बंद होता ते नऊ दिवस मी वजा केले आहेत.

नेटवर्क्स. ही परीक्षा दोनदा दिली.
पहिल्या वेळचे पेपर तपासायला नेलेले सर
परत आले नाहीत.”

मी हे तक्त्यात बसवायला घेतलं.
वहीत चालवलेले तास प्रयोगशाळेत धरू की कशात?
पलीकडच्या टेबलावर ओरीसिया आहे,
सव्वीस वर्षं जगभरच्या पदव्या तोलतेय.
चष्मा न काढता म्हणाली,
“तास मोज. बाकीचं घरी जाऊन वाच.”

घरी माझी आई आहे.
इलोइलोत दातांची डॉक्टर होती,
इथे एकोणीस वर्षं शाळेच्या कॅन्टीनमध्ये बटाटे वाढले.
अजूनही कुणी हसलं की ती आधी दात बघते,
मग माणूस.

सव्वातीनला नशवानला फोन लावला.
तो शिफ्टला निघाला होता, विमानतळाजवळ पार्सलं निवडण्याचं काम.
“लिफाफेही असतात?” मी विचारलं. विचारायचं काही कारण नव्हतं.
“असतात की. मी फक्त पिनकोड बघतो.”
थोडं थांबून: “शिक्का असला, तर शिक्काही.”
मग त्याने घाईघाईने विचारलं,
डॉक्टर अमल यांचं पूर्ण नाव आलंय ना,
भाषांतरात गाळलं तर नाही?

‘ओळख पटवणे’ हे शब्द मी दिवसातून दहादा लिहिते.
पोलीस ते मेलेल्यांसाठी वापरतात.

निकाल टाईप केला:
चार वर्षांची पदवी, येथील तीन वर्षांच्या
पदविकेशी समतुल्य.
उरलेलं वर्ष कुठे ठेवायचं, सॉफ्टवेअर विचारत नाही.
सहीची जागा सोडून मी प्रिंट काढली.

सगळे गेल्यावर पान नऊ पुन्हा उघडलं.
त्यावर त्याने आठवणीतून एक प्रोग्राम लिहिलाय,
अमलबाईंनी घातलेलं पहिलं गणित.
मला कोडिंग येत नाही.
तरी बोट ठेवलं आणि ओळीओळीने निघाले,
जायचं कुठे ते बाणांवरून ताडत.
सोळाव्या ओळीशी समासात बारीक अक्षर होतं:
इथे वीज गेली.
पुढचं उद्या.